टेरी रायली: 'इन सी', किराणा घराणं आणि स्वयंभू गंधार

षड्जपंचम

२४ जून २०२५ ला टेरी रायली यांनी वयाची नव्वद वर्षं पूर्ण केली. संगीतरचना म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ज्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुळापासून पुन्हा विचारायला लावला, त्या मोजक्या लोकांपैकी हा माणूस. आपल्याकडे त्यांचा विषय निघाला की 'भारतीय संगीतावरून प्रेरणा घेतलेला अमेरिकन' एवढ्यावर बोलणं संपतं. मला ते फार अपुरं वाटतं. त्यांची वाट भारतापर्यंत कशी आली आणि आल्यावर त्यांनी काय केलं, हे नीट बघावं म्हणून हा धागा काढतोय.

जन्म १९३५ चा, कॅलिफोर्नियातल्या कोलफॅक्सचा. बर्कलीच्या विद्यापीठात रचनेचं शिक्षण घेतलं, आणि पोटासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्ड स्ट्रीट सलूनमध्ये रॅगटाइम पियानो वाजवला. बर्कलीतच ला मॉन्टे यंग भेटले. एकेक स्वर कितीतरी वेळ धरून ठेवायचा आणि त्याच्या आत काय चाललंय ते ऐकायचं, हा यंग यांचा ध्यास. रायलींवर त्याचा परिणाम झाला तो कायमचाच. मग काही काळ युरोपात काढला, परत आले, पुन्हा तेच सलून. तिथे वाजवायला जाताना बसमध्ये एक रचना डोक्यात वाजायला लागली, ती म्हणजे १९६४ ची 'इन सी'.

या रचनेचं सगळं लेखन एका पानावर मावतं. त्रेपन्न छोटे स्वरसमूह, क्रमांक घातलेले. वाद्यं कुठलीही चालतात, वादक कितीही. पस्तीसच्या आसपास असले तर बरं, असं रायली सुचवतात. प्रत्येकाने पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करायची, तो हवा तितक्या वेळा वाजवायचा आणि वाटेल तेव्हा पुढच्यावर जायचं. अट एवढीच की कान सगळ्यांकडे ठेवायचा आणि बाकीच्यांपेक्षा दोन-तीन तुकड्यांहून जास्त पुढे किंवा मागे राहायचं नाही. दिंडीत चालतात तसं आहे हे. पाय ज्याचे त्याचे, पण फार पुढे गेलात तर टाळ ऐकू येत नाही आणि फार मागे राहिलात तरी नाही. कधी पाऊण तास, कधी दीड तास. दर वेळी वेगळी होते आणि दर वेळी ओळखूही येते.

४ नोव्हेंबर १९६४ ला सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये पहिला प्रयोग झाला. वादकांत स्टीव्ह राइश, पॉलीन ओलिवेरोस, मॉर्टन सुबॉटनिक, जॉन गिब्सन अशी मंडळी होती. पुढे यातल्या बहुतेकांची स्वतंत्र नावं झाली. तालमीत सगळे विस्कटायला लागले तेव्हा पियानोवर वरच्या सप्तकातला सा सतत टकटकत ठेवावा, ही युक्ती राइश यांची. कोलंबियाने १९६८ मध्ये तबकडी काढली आणि 'मिनिमलिझम' (थोडक्याच स्वरांच्या पुनरावृत्तीवर उभी शैली) हा शब्द रुळला तेव्हा त्याचं आद्य उदाहरण म्हणून हीच रचना पुढे आली.

आता माझा मुद्दा. रायलींचे गुरू, किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ अमेरिकेत आले १९७० साली, म्हणजे 'इन सी' नंतर सहा वर्षांनी. पुनरावृत्ती, एकाच स्वरकेंद्राभोवती फिरणं, काळ ताणणं हे सगळं रायलींकडे आधीच होतं. ते जॅझमधून, टेपमधून आणि यंग यांच्या सोबतीतून आलं होतं. प्राणनाथांकडे ते आले तेव्हा पस्तिशीला पोचलेले, नाव झालेले, मोठ्या कंपनीच्या तबकड्या निघालेले रचनाकार होते. आणि त्याच वर्षी सगळं बाजूला ठेवून ते गंडाबंध शागिर्दासारखे भारतात येऊन गुरूपुढे सा लावायला बसले. १९९६ मध्ये प्राणनाथ गेले तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, हे शिकणं चालू राहिलं. याला प्रेरणा म्हणत नाहीत, याला तालीम म्हणतात. या तालमीने त्यांच्या रचनेत काय बदललं, त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

रेवा

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

एक विनंती. त्रेपन्न तुकडे म्हणजे नेमके कसे? मला स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. सरगममध्ये थोडं लिहाल का? आमच्या क्लासमध्ये करून बघायची इच्छा आहे.

षड्जपंचम

जरूर. सी म्हणजे सा धरा, इंग्रजी पट्टीतला पांढरी एक.

पहिला तुकडा: गंधार, तीन वेळा, आणि प्रत्येक गंधाराला खालून षड्जाचा कण. एवढाच. दुसरा: ग म ग, पहिल्या गंधाराला तोच कण. तिसरा: आधी थोडी विश्रांती, मग ग म ग. चौथा: विश्रांती, मग ग म प. बघा, मध्यमाला नुसतं शिवून परत येणं, मग जरा थांबून शिवणं, मग पंचम. ओळखीची बढत, म्हणजे एकेक स्वर घेत राग उलगडत नेणं, वाटते की नाही?

चौदाव्या तुकड्यात पहिल्यांदा तीव्र मध्यम येतो. चार लांब स्वर आहेत, षड्जावरून निषाद, पंचम आणि मग तीव्र मध्यमावर उतरायचं. कोणीतरी एक वादक तिथे पोचतो तेव्हा बाकीचे अजून शुद्ध मध्यमात असतात, आणि सगळ्या वातावरणाचा रंग पालटतो. त्या क्षणी मी दर वेळी सावध होतो. शेवटाकडे कोमल निषाद येतो. शेवटचा, त्रेपन्नावा तुकडा म्हणजे कोमल निषाद आणि पंचम एवढीच जलद आंदोलनं. सगळे तिथे पोचले की एकत्र मोठं व्हायचं, लहान व्हायचं, आणि एकेकाने थांबत जायचं.

सडेतोड

धागा चांगला लिहिलाय, पण मला पटलेलं नाही.

आपल्या बढतीत प्रत्येक स्वराला कारण असतं. वादी-संवादी म्हणजे रागातले मुख्य स्वर आहेत, न्यासाचे म्हणजे थांबायचे स्वर आहेत, अमुक स्वर इतका वेळ का टाळला आणि आत्ताच का लावला, याला अर्थ आहे. इथे तर कोणी किती वेळा वाजवायचं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आणि एकच तुकडा शंभर वेळा वाजवणं हे काम यंत्रही करू शकतं. यात रचनाकाराचं कौशल्य कुठे आहे? दुसरं, साठ-सत्तरच्या दशकात भारतात येऊन गुरू शोधणारे पुष्कळ पाश्चात्त्य होते. त्यातले किती टिकले?

टेपडेक

@सडेतोड, यंत्राचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण रायलींची पुनरावृत्ती खरोखरच यंत्रातून आली आहे. मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६३ मध्ये ते पॅरिसला होते. तिथे 'द गिफ्ट' या नाटकासाठी त्यांनी संगीत केलं, ट्रंपेटवादक चेट बेकर यांच्यासोबत. फ्रेंच रेडिओच्या एका तंत्रज्ञाला त्यांनी सांगितलं की मला आवाज लांबत जाणारा, स्वतःवर साठत जाणारा हवाय. त्याने दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवले आणि एकच टेप दोन्हीतून ओवली. पहिल्या यंत्रावर आवाज मुद्रित होतो, टेप सरकत दुसऱ्या यंत्राकडे जाते, तिथे तो काही सेकंदांनी वाजतो, आणि तो वाजलेला आवाज पुन्हा पहिल्या यंत्रात सोडायचा. म्हणजे आत्ताचा स्वर आणि मघाचा स्वर एकमेकांवर बसत जातात. दोन यंत्रांतलं अंतर वाढवलं की उशीर वाढतो. रायलींनी याला 'टाइम लॅग ॲक्युम्युलेटर' असं नाव दिलं. आज पायाने दाबायच्या पेडलमध्ये ही सोय मिळते आणि गिटार वाजवणारी पोरं सर्रास वापरतात. पण त्या काळी खोलीभर टेप पसरून, ती तुटली की चिकटवून हे करावं लागे.

हे तंत्र घेऊन ते एकटे रात्रभर मैफली करायचे. पहिली १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या कला महाविद्यालयात झाली. लोक झोपायच्या पिशव्या, झोळे घेऊन, पोराबाळांसकट आले होते. रायलींसमोर जुनी पेटी, आणि तिच्या भात्यात हवा भरायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर जोडलेली, म्हणजे दोन्ही हात वाजवायला मोकळे. जोडीला सोप्रानो सॅक्सोफोन, जो जॅझवादक जॉन कोल्ट्रेनच्या प्रभावाने हातात घेतलेला. दमले की सॅक्सोफोनचे साठलेले आवाज टेपवर चालू ठेवून थोडी विश्रांती, मग पहाटेपर्यंत पुन्हा. सवाई गंधर्व महोत्सवाच्या पूर्वीच्या रात्री ज्यांनी जागवल्या आहेत त्यांना कळेल की पहाटे चार वाजता कान वेगळं ऐकतो. रायलींना तोच कान हवा होता.

तेव्हा यंत्र पुनरावृत्ती करू शकतं हे खरं. पण त्या पुनरावृत्तीवर नवीन काय ठेवायचं हे माणूस कानाने ठरवतो, आणि 'इन सी' मध्ये हे ठरवणं एकदम तीस-पस्तीस माणसांकडे दिलं आहे.

नवखा_श्रोता

वाचतोय. खूप नवीन माहिती मिळते आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अंतरा_फ्रीमाँट

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात बरीच वर्षं आहे, गाणं शिकते. इथल्या बाजूने थोडी भर घालते.

इथे हिंदुस्थानी संगीताची दोन मोठी केंद्रं उभी राहिली. एक अली अकबर खाँसाहेबांचं, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं प्राणनाथजींच्या शिष्यांचं, त्याची चर्चा कमी होते. ओकलंडच्या मिल्स कॉलेजमध्ये प्राणनाथजी शिकवायचे आणि रायलीही १९७० च्या दशकात तिथे शिकवत होते. शिष्यांत ला मॉन्टे यंग आणि मॅरियन झझीला होते, ट्रंपेटवाले जॉन हॅसल आणि डॉन चेरी होते. हॅसल यांनी पुढे ट्रंपेटमधून जी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) काढली ती थेट या शिक्षणाची देणगी.

@सडेतोड, 'किती टिकले' याचं उत्तर रायलींपुरतं द्यायचं तर ते अजून टिकून आहेत. २०२० च्या सुरुवातीला ते जपानला गेले होते, महामारीत तिथेच अडकले, आणि मग यामानाशीत राहायचंच ठरवलं. नव्वदीच्या आसपासचा हा माणूस जपानमध्येच कामाकुराला लोकांना राग शिकवतो. स्वतःच्या रचना नव्हे, राग. गुरूकडून आलेलं पुढे द्यायचं, एवढंच त्यामागे आहे. झाकीरभाईंबरोबरही त्यांनी इथे रागसंगीताचे कार्यक्रम केले होते.

आणखी एक. मिल्समध्येच त्यांची क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाच्या डेव्हिड हॅरिंग्टन यांच्याशी ओळख झाली. त्या काळात रायलींनी कागदावर लिहिणं जवळपास सोडलं होतं. गुरूकडे सगळं तोंडी चालायचं, वाजवायचं तेही उत्स्फूर्त. हॅरिंग्टन पाठीच लागले की चार तंतुवाद्यांसाठी लिहाच. त्यातून १९८० मध्ये पहिली चतुष्टय-रचना आली, मग 'सलोमी डान्सेस फॉर पीस' सारखी जवळजवळ दोन तासांची रचना आली, आणि हे नातं चार दशकांहून जास्त चाललं.

त्यातली 'रिक्विएम फॉर ॲडम' ऐकायला मन घट्ट करावं लागतं. हॅरिंग्टन यांचा सोळा वर्षांचा मुलगा ॲडम १९९५ च्या ईस्टरच्या दिवशी डोंगरावर गेला असताना अचानक वारला. मित्राच्या मुलासाठी रायलींनी हे लिहिलं. पहिल्या भागात स्वर शिडीसारखे वर चढत राहतात. चारच वाद्यं, पण कुठला स्वर कुठे संपला आणि कुठला सुरू झाला ते कळत नाही. दुःखावर असं न रडता लिहिणं मी फार थोड्या ठिकाणी ऐकलं आहे.

मिरजकर

प्राणनाथांच्या निमित्ताने किराण्याविषयी लिहितो, कारण हा धागा आपल्या अंगणातून जातो.

किराण्याचे दोन मोठे आधार, अब्दुल करीम खाँसाहेब आणि अब्दुल वहीद खाँसाहेब. करीम खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले, त्यांची शिष्यशाखा महाराष्ट्र-कर्नाटकात सवाई गंधर्वांपासून भीमसेन, गंगूबाईंपर्यंत फोफावली. वहीद खाँसाहेबांना ऐकू कमी यायचं, पण एकेका स्वरावर थांबून विलंबित बढत करण्यात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. हिराबाई बडोदेकरांना मुख्य तालीम या वहीद खाँसाहेबांची. आणि प्राणनाथांचे गुरूही तेच. म्हणजे गुरुपरंपरेने बघितलं तर टेरी रायलींचे गुरू हे हिराबाईंचे गुरुबंधू. हे नातं आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी गोष्ट सुराच्या मापाची. रायली पुढे 'जस्ट इंटोनेशन' कडे वळले, म्हणजे स्वरांच्या कंपनसंख्या षड्जाशी शुद्ध प्रमाणात लावायच्या. पंचम ३:२, शुद्ध गंधार ५:४. पियानोवर किंवा पेटीवर बाराही स्वरांतली अंतरं सारखी केलेली असतात, त्यामुळे तिथला गंधार या शुद्ध गंधारापेक्षा साधारण चौदा सेंट चढा असतो. एका अर्धस्वरात शंभर सेंट, म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. जाणत्या कानाला हा फरक लगेच बोचतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप जो ऐकू येतो तो स्वयंभू गंधार म्हणजेच हा ५:४ चा. तंबोऱ्यातला गंधार ऐकून तोच गळ्यातून काढायचा, ही किराण्याची मुळाक्षरं.

यावर आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी कसून काम झालं आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावरून श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजमापं घेतली, १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक छापलं, आणि क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी घडवली. पेटी चालली नाही, तो वादही मोठा आहे. पण तोच प्रश्न, साध्या पेटीवर खरा गंधार कसा आणायचा, साठ-सत्तर वर्षांनी कॅलिफोर्नियात रायली इलेक्ट्रिक ऑर्गनवर सोडवत बसले होते. १९८० ची 'श्री कॅमल' ही तबकडी ऐका. यामाहा ऑर्गन शुद्ध प्रमाणात लावून घेतलेला आहे.

सडेतोड

मिरजकर काका, देवलांची माहिती अमूल्य. हिराबाईंचा धागा तर डोक्यातही आला नव्हता.

माझी शंका मात्र कायम आहे, जरा नेमकी करून विचारतो. रायलींचं ख्यालगायन मी ऐकलं आहे. श्रद्धा दिसते, सूरही लागतो. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी तालमीला बसलेल्या आपल्या गायकाच्या पंगतीला ते बसत नाही, हे मान्य करायला हवं. मग सव्वीस वर्षांच्या तालमीचं फलित कुठे शोधायचं? गाण्यात नसेल तर रचनांत नेमकं कुठल्या जागी?

षड्जपंचम

@सडेतोड, प्रश्न अगदी नेमका विचारलात. ख्यालगायक म्हणून ते मोठे आहेत असं मी म्हणणार नाही, आणि त्यांनी स्वतःही गुरूपुढे विद्यार्थ्याचीच जागा धरली. फलित वाद्यांच्या रचनांत शोधावं लागतं, आणि मला ते सगळ्यात ठसठशीत 'द हार्प ऑफ न्यू आल्बियन' मध्ये दिसतं.

ही १९८० च्या दशकातली, एकट्या पियानोची, दोन तासांच्या आसपासची रचना. पियानो शुद्ध प्रमाणात लावून घेतला आहे. आता शुद्ध प्रमाणाची अडचण मिरजकरांना ठाऊक असेलच: एका षड्जावरून सगळं गोड लावलं की दुसऱ्या पट्टीवर गेल्यावर काही अंतरं विचित्र होतात, काही तर कर्कश. म्हणून तर पाश्चात्त्यांनी सगळी अंतरं सारखी करून टाकली. रायलींनी याच अडचणीचं सोनं केलं. ते एकेका भागात वेगळ्या स्वरावर मुक्काम करतात, आणि पट्टी बदलली की अंतरांचं माप बदलतं, मापाबरोबर भावही बदलतो. कुठे सगळं लख्ख आणि शांत, कुठे दोन स्वर एकमेकांवर घासून लहरी उठतात आणि पियानोतून घंटांसारखा नाद येतो. राग हा शब्द न वापरता, एकही बंदिश न घेता, केवळ श्रुतीच्या फरकाने रस बदलता येतो हे तिथे ऐकू येतं. हा धडा पुस्तकातून येत नाही. कोणीतरी समोर बसवून 'हा दरबारीचा गंधार, हा नाही' असं वर्षानुवर्षं सांगावं लागतं.

आणखी एक जागा. १९६९ ची 'अ रेनबो इन कर्व्ड एअर' आणि 'श्री कॅमल' लागोपाठ ऐका. दोन्हींत कीबोर्ड, दोन्हींत थरावर थर. पहिलीत बोटं आनंदाने धावतात, सुरावट पसरत जाते, ती आजही ताजी वाटते. दुसरीत एकेक स्वर येताना कुठून येतो आणि जाताना कुठे टेकतो याला वजन आलं आहे. मधल्या काळात एवढाच बदल झाला होता की हा माणूस रोज पहाटे तंबोरा घेऊन बसायला लागला होता.

तुमच्या आधीच्या आक्षेपाबद्दल, म्हणजे 'इन सी' मध्ये रचनाकाराचं कौशल्य कुठे. ते तुकड्यांच्या क्रमात आहे. शेजारचे तीन-चार तुकडे कुठल्याही जुळणीने एकत्र वाजले तरी ते एकमेकांना खाणार नाहीत, आणि तरी पाचव्यापासून पन्नासाव्यापर्यंत रंग बदलत राहील, अशी मांडणी करायला फार पुढचं ऐकावं लागतं. म्हणूनच ती शांघायच्या वाद्यवृंदाने चिनी वाद्यांवर वाजवली, मालीच्या कलाकारांनी त्यांच्या वाद्यांवर वाजवली, आणि ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या न्यूयॉर्कच्या मंडळींनी सतार, बासरी, तबला घेऊन २०१७ मध्ये ध्वनिमुद्रित केली. प्रत्येक ठिकाणी ती तिथलीच वाटते.

नवखा_श्रोता

मी रॉक ऐकणारा माणूस, अभिजात फारसं कळत नाही. 'बाबा ओ'रायली' या 'द हू' च्या गाण्यातले रायली हेच का? आणि माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी?

कुडाळकर

हो, हेच. नावातले 'बाबा' म्हणजे आपले मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते. 'द हू' चे पीट टाउनशेंड मेहेरबाबांचे भक्त होते आणि रायलींच्या संगीताने भारावलेले. १९७१ च्या त्या गाण्याच्या सुरुवातीला ऑर्गनची जी फिरती नक्षी आहे ती रायलींच्या पद्धतीची, म्हणून नावात दोघांना जोडलं. मी दर वर्षी नगरवरून जातो, तिथे हे गाणं आवर्जून लावतो.

रॉकमधून येत असाल तर 'रेनबो' पासून सुरू करा. सगळी वाद्यं त्यांनी एकट्याने थर चढवत वाजवली आहेत. मग 'इन सी'. त्यानंतर थेट 'सन रिंग्ज'.

टेपडेक

'सन रिंग्ज' चं नाव निघालंच आहे तर त्याबद्दल. नासाकडे व्हॉयेजरसारख्या यानांनी टिपलेल्या प्लाझ्मा लहरींचे ध्वनी होते, आयोवा विद्यापीठातले शास्त्रज्ञ डॉन गर्नेट यांनी गोळा केलेले. शिट्ट्या, कुजबुज, पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे आवाज. नासाने क्रोनोसला विचारलं, क्रोनोसने रायलींना. काम चालू असताना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला आणि रचनेची दिशाच बदलली. शेवटच्या भागात लेखिका ॲलिस वॉकर यांच्या आवाजात 'एक पृथ्वी, एक लोक, एक प्रेम' असा मंत्रासारखा घोष आहे. २००२ मध्ये आयोवातच पहिला प्रयोग झाला. तबकडी निघाली २०१९ मध्ये आणि तिच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. ते योग्यच होतं. चार तंतुवाद्यं आणि अवकाशातले आवाज यांचा तोल ज्या हातांनी सांभाळला आहे त्यांना माझा सलाम.

रेवा

आमच्या क्लासमध्ये काल 'इन सी' चे पहिले वीस तुकडे करून पाहिले. दोन पेट्या, एक व्हायोलिन, एक बासरी, तबला आणि आम्ही गाणाऱ्या चौघी आकारात. जे झालं ते लिहिते, मार्गदर्शन हवं आहे.

पहिली अडचण तबल्याची. तबलजीदादा सम शोधत राहिले. प्रत्येक तुकड्याच्या मात्रा वेगळ्या आणि प्रत्येकजण वेगळ्या जागी, त्यामुळे सम नाहीच. त्यांनी त्रिताल धरला तेव्हा सगळे नकळत समेवर यायला लागलो आणि रचना मेली. शेवटी त्यांनी फक्त चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, एकसारखी लय ठेवली, राइश यांच्या त्या टकटकीसारखी, आणि मग जमलं. तिथून पुढे दहाएक मिनिटं असं काही तरी झालं की कोण कुठल्या तुकड्यावर आहे याची काळजीच उरली नाही. मी सातव्यावर होते, व्हायोलिन दहाच्या पुढे गेलेलं, आणि मधूनच तिसरीच एक सुरावट ऐकू यायची जी आमच्यापैकी कोणीच वाजवत नव्हतं!

दुसरी अडचण गंधाराची. मागे तंबोरा लावला होता. आम्ही गायलेला गंधार तंबोऱ्याशी मिळत होता, पण पेटीचा वेगळा पडत होता, आणि पहिले तुकडे सगळे गंधारावरच आहेत. मिरजकर काका, काय करावं? तंबोरा काढून टाकू का?

षड्जपंचम

रेवा, ती तिसरी सुरावट म्हणजेच 'इन सी'. मनापासून अभिनंदन!

मूळ रचना साध्या पियानोच्या सुरांतच वाजवली गेली होती, त्यामुळे तंबोरा काढला तरी काही बिघडत नाही. पण तुम्ही गाताय, तर ठेवावा असं मला वाटतं. पेटीचं मिरजकरांनी सांगावं.

मिरजकर

तंबोरा ठेवा. एक पेटी या कामापुरती वेगळी लावून घ्या. गंधार चौदा सेंट उतरवायचा, धैवत सोळा, शुद्ध निषाद बारा. तीव्र मध्यम दहा उतरवला की चौदाव्या तुकड्यात पंचमाखाली छान बसेल. शुद्ध मध्यम, पंचम, रिषभ यांना हात लावायची गरज नाही, तिथे फरक किरकोळ आहे. सूर उतरवायला पत्तीच्या मुळाशी खरवडतात, चढवायला टोकाशी. हे घरी अजिबात करू नका. पत्ती एकदा पातळ झाली की गेली, पेटीवाल्याकडेच द्या आणि तंबोरा सोबत घेऊन जा.

राहिला कोमल निषाद. तो तुमचा तुम्हाला ठरवावा लागेल. शेवटच्या तुकड्यात तो पंचमाशी आंदोलतो. पंचमापासून ६:५ वर लावलात तर पेटीपेक्षा अठरा सेंट चढा येतो, टवटवीत लागतो. षड्जाशी ७:४ वर लावलात तर तीसेक सेंट उतरतो, तंबोऱ्यात विरघळून जातो. मला दुसरा आवडतो, पण पेटीवर पत्ती एकच आहे. आधी चौघींनी दोन्ही गाऊन बघा, तंबोऱ्यावर, दहा-दहा मिनिटं. मग पेटी पाठवा. काय ठरतंय ते इथे लिहा, मला उत्सुकता आहे.